टीबीचा जंतू पूर्ण वाचा आणि वाचलेलं शहराला सांगा: मुंबई महापालिकेला खुलं पत्र

प्रति,
मा. आयुक्त आणि सार्वजनिक आरोग्य खात्यातील मा. अधिकारी,
बृहन्मुंबई महानगरपालिका

स. न. वि. वि.

चिंचपोकळीच्या कस्तुरबा रुग्णालयात ऑगस्ट २०२१मध्ये आपण जीनोम सिक्वेन्सिंगची प्रयोगशाळा सुरू केलीत. तोवर मुंबईतले करोनाचे नमुने पुण्याला एनआयव्हीकडे जायचे आणि निकाल हाती येईपर्यंत साथ पुढे सरकलेली असायची. प्रयोगशाळा सुरू झाली आणि आपली प्रसिद्धिपत्रकं येऊ लागली. या फेरीत डेल्टा इतके, पुढच्या फेरीत ओमायक्रॉन इतके. भाजीच्या गाडीवर उभी असलेली माणसंसुद्धा व्हेरियंटबद्दल बोलायची. विज्ञानातली एक अवघड गोष्ट आरोग्य खात्याने इतक्या उघडपणे शहराला सांगितल्याचं दुसरं उदाहरण माझ्या पाहण्यात नाही. त्याबद्दल आधी आभार मानते, कारण पुढे सगळ्या मागण्याच आहेत.

मुख्य मागणी आताच सांगून टाकते. औषधांना दाद न देणारा टीबी ज्यांना झाला आहे, अशा मुंबईतल्या प्रत्येक रुग्णाच्या जंतूचा पूर्ण जीनोम, म्हणजे त्याचा सगळा डीएनए, वाचला जावा. निकाल उपयोगाच्या वेळेत त्याच्या डॉक्टरांच्या हाती पडावा. आणि या वाचनातून शहराचं जे चित्र तयार होईल, ते करोनाच्या वेळी मांडलंत तसं लोकांपुढे मांडावं. प्रायोगिक प्रकल्प, अमुक रुग्णालयापुरता, तमुक निधी असेपर्यंत, असं नको. नेहमीचं काम म्हणून हवं.

मी डॉक्टर नाही की संशोधक नाही. परळच्या एका प्रयोगशाळेत टीबीच्या बेंचवर काम करत निवृत्त झालेली टेक्निशियन आहे. आमच्या वेळी जंतूला औषध लागू पडतं की नाही हे ठरायचं ते एलजे स्लोपवर. स्लोप म्हणजे छोट्या बाटलीत तिरकं गोठवलेलं, अंडी घालून केलेलं माध्यम. त्यात मॅलाकाइट ग्रीन असतं म्हणून ते हिरवं दिसतं. थुंकीतला जंतू त्यावर पेरायचा, ३७ अंशांना ठेवायचा आणि वाट पाहायची. ई. कोलायसारखा जंतू अनुकूल परिस्थितीत वीस मिनिटांत दुप्पट होतो. टीबीचा त्यासाठी अठरा ते चोवीस तास घेतो. तीन आठवडे, चार आठवडे बाटली कोरीच. मग एके दिवशी खरखरीत, कोरडे, मळकट बदामी ठिपके दिसायचे. तेच जंतू पुन्हा औषध घातलेल्या बाटल्यांत पेरायचे आणि पुन्हा वाट पाहायची. ज्या बाटलीत वाढ झाली, त्यातलं औषध त्या रुग्णाला फुकट. हे कळेपर्यंत दोन-अडीच महिने गेलेले असायचे आणि रुग्ण दरम्यान तीच औषधं मुकाट्याने गिळत असायचा. पुढे द्रव माध्यमाच्या, मिजिटच्या नळ्या आल्या, मुदत कमी झाली, पण पद्धत तीच राहिली. जंतू वाढवा आणि काय होतं ते बघा.

जीनोमिक्स दुसऱ्या वाटेने जातं. त्यात जीवाचा सगळा डीएनए आधी वाचून काढतात आणि प्रश्न मागाहून विचारतात. हा काय करू शकतो, कुठून आला, कोणाचा नातलग, कोणत्या औषधाला जुमानणार नाही? डीएनएची अक्षरं चारच, ए, टी, जी आणि सी. करोनाच्या विषाणूत डीएनए नसून आरएनए असतो आणि त्याची अक्षरं सुमारे ३० हजार. माणसात डीएनएची सुमारे ३ अब्ज. मानवी जीनोमचा जागतिक प्रकल्प १९९० ते २००३ असा चालला, आणि तेव्हा न वाचता आलेले कोपरे २०२२मध्ये वाचून झाले. टीबीच्या जंतूचा जीनोम १९९८मध्ये प्रसिद्ध झाला. ४४ लाख ११ हजारांहून थोडी जास्त अक्षरं, चार हजारांच्या आसपास जनुकं. ज्या वाणाचा तो वाचला त्याचं नाव एच३७आरव्ही. त्याचा मूळ जंतू १९०५ साली अमेरिकेतल्या एका रुग्णाकडून मिळाला होता. आजही जगात कुठेही टीबीचा जंतू वाचला की त्याची तुलना याच वाणाशी होते. इतकी वर्षं बाटल्यांत टिकून राहिलेला हा जंतू मला नेहमी विलक्षण वाटत आला आहे.

हे काम हाताने कसं होतं, तेही सांगते. जंतूची भिंत मेणचट असते, साध्या रसायनांना बधत नाही. बारीक मण्यांबरोबर जोराने हलवून ती फोडतात. बाहेर आलेल्या डीएनएचे तुकडे करतात आणि तुकड्यांच्या टोकांना प्रत्येक नमुन्याची वेगळी खूण जोडतात, म्हणजे अनेक रुग्णांचे नमुने एकाच फेरीत चालवता येतात. काचेच्या पट्टीवर प्रत्येक तुकड्याची प्रत अक्षरा-अक्षराने बनत जाते, दर अक्षराला प्रकाश चमकतो आणि कॅमेरा तो टिपतो. हाती येतात दीडशे-दीडशे अक्षरांचे लाखो तुकडे. संगणक ते एच३७आरव्हीवर जुळवून मांडतो. एकेक जागा पन्नास-शंभर वेळा वाचलेली असते, त्यामुळे यंत्राची चूक कुठली आणि जंतूतला खरा बदल कुठला हे वेगळं काढता येतं. शेवटी उरते बदलांची यादी. कस्तुरबात एका फेरीत ३८४ नमुने बसतात, असं उद्घाटनाच्या वेळी सांगितलं गेलं होतं. ते विषाणूच्या हिशोबाने. टीबीचा जीनोम त्याच्या जवळजवळ दीडशे पट मोठा आहे, तेव्हा नमुने कमी बसतील. पण एका फेरीत एकच रुग्ण, असली ही गोष्ट नाही.

विज्ञानात या वाचनाचा उपयोग किती ठिकाणी होतो, ते सांगायला बसले तर पत्र संपायचं नाही. भाताचा जीनोम २००५ साली पूर्ण झाला, त्यात भारताचाही वाटा होता, आणि वाण सुधारणारे आता जनुक बघून रोप निवडतात. फुप्फुसाच्या कर्करोगात गाठीतलं कुठलं जनुक बिघडलं आहे हे पाहून गोळी ठरते. दहा हजार भारतीयांच्या जीनोमची माहिती जीनोम इंडिया प्रकल्पाने जानेवारी २०२५मध्ये संशोधकांसाठी खुली केली. आपल्या शहराचं नाव लागलेला बॉम्बे रक्तगट १९५२मध्ये डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जगापुढे आणला. त्यामागे एफयूटी१ या जनुकातला बिघाड आहे, हे कळायला पुढची चाळीसेक वर्षं जावी लागली. हे सगळं महत्त्वाचं आहेच. पण मुंबईला या विद्येची सर्वांत जास्त गरज कुठे आहे, असं मला कोणी विचारलं तर मी टीबीकडेच बोट दाखवीन. अलीकडच्या वर्षांत या शहरात दरवर्षी पन्नास हजारांहून जास्त लोकांची टीबीचे रुग्ण म्हणून नोंद होते आहे.

आता आपण म्हणाल की, आमच्या केंद्रांवर सीबीनॅट आहे, ट्रूनॅट आहे, या झटपट चाचण्यांत जनुकांची तपासणी होतेच. होते, आणि ती फार मोलाची आहे. दोन तासांत टीबी आहे की नाही आणि रिफाम्पिसिन हे टीबीचं मुख्य औषध चालेल की नाही हे कळणं म्हणजे काय, ते बाटल्यांकडे डोळे लावून बसलेल्यांनाच विचारा. पण ही चाचणी नेमकं काय बघते? रिफाम्पिसिन जंतूच्या ज्या प्रथिनावर जाऊन बसतं, ते बनवणाऱ्या जनुकाचं नाव आरपीओबी. त्याची लांबी साडेतीन हजार अक्षरांच्या आसपास. चाचणी बघते त्यातली ८१ अक्षरं. प्रतिकाराचे बहुतेक बदल, शंभरातले पंचाण्णव म्हणा, त्याच ८१ अक्षरांत होतात म्हणून ती जागा निवडलेली आहे. सोसायटीच्या पुढच्या फाटकावर वॉचमन बसवावा तसं हे आहे. बहुतेक लोक तिथूनच येतात, म्हणून तो पुरतो. ज्याला मागची भिंत माहीत आहे, त्याच्यासाठी नाही पुरत.

आफ्रिकेतल्या एस्वातिनी या छोट्या देशात हेच झालं. आरपीओबीमध्ये त्या ८१ अक्षरांच्या बाहेर, ४९१ क्रमांकाच्या तीन-अक्षरी गटात एक अक्षर बदललेलं, ए होतं तिथे टी. तेवढ्याने रिफाम्पिसिन निकामी. झटपट चाचणीला तो बदल दिसत नव्हता आणि जंतू वाढवून करायच्या नेहमीच्या चाचणीतूनही तो पुष्कळदा निसटायचा. २००९च्या राष्ट्रीय पाहणीतले जंतू नंतर नीट वाचले, तेव्हा एमडीआर, म्हणजे आयसोनिआझिड आणि रिफाम्पिसिन या दोन्ही मुख्य औषधांना न जुमानणाऱ्या, जंतूंपैकी सुमारे ३० टक्क्यांमध्ये हाच बदल निघाला. म्हणजे रुग्णांच्या कागदावर औषध चालेल असं लिहिलेलं, आणि जंतू वाढत होता. हाच बदल मुंबईत आहे का, हा माझा प्रश्न नाही. आपल्या ८१ अक्षरांच्या बाहेर काय आहे, ते पूर्ण वाचल्याशिवाय कोणालाच कळणार नाही, एवढंच मला म्हणायचं आहे.

बेडाक्विलिनच्या बाबतीत तर ही अडचण आणखी टोकाची आहे. एमडीआर रुग्णांना वर्ष-दोन वर्षं औषधं आणि इंजेक्शनं सोसावी लागत, त्या जागी सहा महिन्यांचा तोंडी औषधांचा कोर्स आता शक्य झाला आहे, तो याच औषधाच्या जोरावर. हे औषध स्वस्त व्हावं म्हणून ज्या लढल्या त्यांत मुंबईच्या नंदिता वेंकटेशन आहेत. जुन्या इंजेक्शनांनी स्वतःचं ऐकू येणं गमावलेल्या या तरुणीच्या आणि दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा टिसिले यांच्या हरकतीनंतर मार्च २०२३मध्ये भारतीय पेटंट कार्यालयाने कंपनीची पेटंट लांबवण्याची मागणी फेटाळली. इतक्या कष्टाने आवाक्यात आलेलं औषध टिकवायचं, तर जंतू त्याला सरावतो आहे का यावर नजर हवी. सीबीनॅटसारख्या झटपट चाचणीने ती ठेवता येत नाही. प्रतिकाराचे बदल प्रामुख्याने ज्या जनुकात होतात, ते आरव्ही०६७८, त्यात ते एका जागी गोळा झालेले नसतात. या टोकापासून त्या टोकापर्यंत कुठेही होतात. शिवाय तोच बदल क्लोफाझिमिन या दुसऱ्या औषधालाही बोथट करतो. इथे वॉचमन बसवायला एकच एक फाटक नाही. सगळं जनुक वाचावंच लागतं.

इथवरचं सगळं औषध निवडण्याबद्दल झालं. पण हे पत्र लिहायला मला ज्या गोष्टीने बसवलं, ती वेगळी आहे.

गोवंडीहून एक सून यायची, बरोबर सासूबाई. रिपोर्ट घेताना सासूबाई मला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाल्या, “हिनेच गोळ्या चुकवल्या असणार. नाहीतर सगळ्यांना लागू पडतं ते औषध हिलाच कसं पडत नाही?” सून खाली बघत होती. मग माझ्याकडे वळून म्हणाली, “ताई, एक दिवस चुकवला नाही हो.” आणि तिने घेतलेल्या गोळ्यांची नोंद असलेलं डॉट्सचं कार्ड काउंटरवर ठेवलं. सगळ्या चौकटी भरलेल्या होत्या. मी काय बोलणार? माझ्या बाटल्यांनी एवढंच सांगितलं होतं की, आयसोनिआझिडच्या स्लोपवर वाढ आहे आणि रिफाम्पिसिनच्याही. जंतू तिच्या अंगात शिरला तेव्हाच तसा होता की तिच्या अंगात आल्यावर तसा झाला, हे बाटली सांगत नाही.

जीनोम सांगतो. टीबीचा जंतू फार सावकाश बदलतो, ४४ लाख अक्षरांत साधारण दोन वर्षांत एखादं अक्षर. त्यामुळे दोन रुग्णांच्या जंतूंत पाच किंवा त्याहून कमी अक्षरांचा फरक असेल तर ते अलीकडच्या एकाच साखळीतले धरतात. बारापेक्षा जास्त असेल तर एकाकडून दुसऱ्याला थेट लागण झाली नसावी असं मानतात. आणि साखळीतल्या सगळ्यांच्या जंतूत प्रतिकाराचा तोच बदल असला, तर तो त्या प्रत्येकाने गोळ्या चुकवून कमावलेला नसतो. तो कोणाकडून तरी तयार आलेला असतो, हवेतून. वरळीच्या फाउंडेशन फॉर मेडिकल रिसर्चने जर्मन शास्त्रज्ञांबरोबर मुंबई महानगर प्रदेशातल्या टीबीच्या जंतूंचे जीनोम वाचले. २०२२मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात दिसलं की, इथल्या एमडीआर जंतूंमध्ये फ्लुरोक्विनोलोन गटाच्या औषधांनाही न जुमानणाऱ्यांचं प्रमाण मोठं आहे, आणि ते वाढवण्यामागे लिनिएज २ या घराण्यातले काही मोजके प्रबळ क्लोन आहेत. क्लोन म्हणजे एकाच मूळ जंतूची पिलावळ. ती माणसामाणसांतून पसरते आहे.

याचा अर्थ काय होतो, तो आपण नीट लक्षात घ्यावा. औषधांना दाद न देणारा टीबी म्हणजे रुग्णाचा निष्काळजीपणा, हे समीकरण घराघरात पक्कं बसलं आहे. दवाखान्यांत बसलं आहे, भिंतीवरच्या पोस्टरांत बसलं आहे. ‘औषध मध्येच सोडू नका’ हे सांगायलाच हवं, त्याबद्दल दुमत नाही. पण ज्याला पहिल्याच खोकल्याबरोबर असा जंतू मिळाला, त्याला कोणत्या तोंडाने बोल लावायचा? लग्न मोडतात यावरून. नोकऱ्या जातात. त्या सुनेच्या घरात जे चाललं होतं, त्याचं उत्तर एका कागदावर देता येण्याजोगं तंत्र आता याच शहरात आहे.

आणि दोष हवेतून येणाऱ्या जंतूचा असेल, तर मग हवेबद्दल बोलायला हवं. २०१८मध्ये डॉक्टर्स फॉर यू या संस्थेने आयआयटी मुंबईच्या साथीने गोवंडी-मानखुर्द भागातल्या तीन पुनर्वसन वसाहती तपासल्या. लल्लूभाई कंपाउंड, नटवर पारेख कंपाउंड आणि पीएमजी कॉलनी. एकमेकींना खेटून उभ्या इमारती, खालच्या मजल्यांवर ऊन नाही, वारा नाही, आणि टीबीचं प्रमाण, यांचा संबंध त्या अभ्यासाने मांडला. पैसा एमएमआरडीएच्या संस्थेचाच होता, तेव्हा हा कोणी विरोधकांनी केलेला आरोप नव्हे. पण अशा पाहणीत रुग्ण मोजता येतात आणि वाऱ्याचा हिशोब करता येतो. कोणाचा जंतू कोणाकडे गेला ते दिसत नाही. लागण जिन्यात झाली, कारखान्यात झाली की गर्दीच्या लोकलमध्ये, असा फाटा फोडायला जागा राहते. एकाच विंगमधल्या चार बिऱ्हाडांतले जंतू पाच अक्षरांच्या आत जुळले, तर तो फाटा फोडता येणार नाही. आणि नाहीच जुळले, तर तेही कळू द्या. मग इमारत सोडून दुसरीकडे शोधता येईल. दोन्ही उत्तरं कामाची आहेत. प्रश्न न विचारणं मात्र कोणाच्याच कामाचं नाही, बिल्डरचं सोडलं तर.

जंतूबरोबर रुग्णाच्याही जीनोमबद्दल थोडं. आयसोनिआझिड शरीरातून किती वेगाने बाहेर पडतं हे माणसाच्या एनएटी२ या जनुकावर अवलंबून असतं. ज्यांच्यात ते सावकाश जातं त्यांच्या यकृताला त्रास होण्याचा धोका जास्त. कॅनामायसिनसारख्या इंजेक्शनांनी लवकर बहिरेपण येण्याचं एक कारण आईकडून आलेल्या मायटोकाँड्रियाच्या डीएनएमध्ये, १५५५ क्रमांकाच्या अक्षरात आहे. ही सगळी तपासणी आज प्रत्येकाला द्या, असं मी म्हणणार नाही. पहिलं काम जंतूचं.

आता अडचणी. त्या मलाही ठाऊक आहेत आणि त्या लपवून मागणी केली तर ती पहिल्याच बैठकीत पडेल. थुंकीत माणसाचाच डीएनए भरमसाट असतो, जंतूचा त्यात चिमूटभर. म्हणून पूर्ण जीनोम वाचायला सहसा आधी जंतू वाढवावा लागतो, म्हणजे काही आठवडे जातातच. थेट थुंकीतून वाचायचं असेल तर प्रतिकाराशी संबंधित ठरावीक जनुकंच निवडून वाचतात. याला टार्गेटेड सिक्वेन्सिंग म्हणतात आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०२४च्या मार्गदर्शक सूचनांत त्याची शिफारस केली आहे. माझ्या मते दोन्ही हवं. डॉक्टरांना लवकर उत्तर मिळावं म्हणून टार्गेटेड, साखळी कळावी म्हणून पूर्ण. जीनोमचा दहाएक टक्के भाग इतका पुनरावृत्तीचा आहे की छोट्या तुकड्यांनी तो खात्रीने वाचता येत नाही आणि विश्लेषणातून वगळावा लागतो. सापडलेल्या प्रत्येक बदलाचा अर्थ माहीत असतो असंही नाही. जागतिक आरोग्य संघटनेने टीबीच्या बदलांची सूची २०२१मध्ये काढली, २०२३मध्ये ५२ हजारांहून अधिक जंतूंच्या आधारे ती सुधारली, तरी बेडाक्विलिनच्या अनेक बदलांपुढे अजून ‘अर्थ अनिश्चित’ असंच लिहावं लागतं. म्हणून बाटल्या आणि नळ्या फेकून देता येणार नाहीत. संशयाच्या जागी त्यांनाच विचारावं लागेल.

पण खरी अडचण यंत्राची नसतेच, हे बेंचवर काम केलेल्या कोणालाही विचारा. यंत्र देणगीत येतं, फीत कापली जाते, फोटो छापून येतो. रिएजंटचं, म्हणजे लागणाऱ्या रसायनांचं, किट मुदतीच्या आत संपवावं लागतं, आणि नमुने वेळेवर आले नाहीत तर ते तसंच फेकलं जातं. देखभालीचा करार संपला की नव्या निविदेपर्यंत यंत्रावर कव्हर चढतं. काम शिकलेला टेक्निशियन कंत्राटी असतो, त्याचं अकरा महिन्यांचं पत्र संपतं, खासगी लॅबमध्ये त्याला जास्त पगार मिळतो आणि तो जातो. जाताना हातातलं कसब घेऊन जातो. जंतूची मेणचट भिंत किती वेळ हलवली म्हणजे डीएनए निघेल पण चिंध्या होणार नाहीत, हे पुस्तकात वाचून येत नाही. म्हणून अर्थसंकल्पात यंत्राच्या रकमेशेजारी रिएजंटची, देखभालीची आणि कायम पदांची रक्कम वेगवेगळी दाखवा. विश्लेषणासाठी संगणक जाणणारी माणसं लागतात, ती या शहरात आहेत. त्यांना महापालिकेत यायला पद तर हवं.

आकड्याचं भय दाखवू नये. इंग्लंडने २०१७पासून टीबीच्या निदानात पूर्ण जीनोमचं वाचन नेहमीचं करून टाकलं. तिथे त्या वर्षी सुमारे पाच हजार रुग्ण होते. मुंबईत सगळे रुग्ण त्याच्या दहापट आहेत, पण मी सगळ्यांचं वाचन मागत नाही. औषधांना दाद न देणारे रुग्ण काही हजारांत मोजण्याइतके आहेत. ते अशक्य नाही.

राहिला प्रश्न गुप्ततेचा आणि बदनामीचा. तो मला खरोखर भेडसावतो. साखळीचा नकाशा काढला आणि तो फुटला, तर अमक्या चाळीतल्या माणसांना काम मिळायचं नाही, तमक्या वसाहतीतल्या मुलींची लग्नं अडतील. म्हणून लोकांपुढे ठेवायचं ते वॉर्डाच्या पातळीवरचं, कोणता प्रतिकार वाढतो आहे आणि किती साखळ्या सापडल्या, एवढंच. इमारतीपर्यंतचा तपशील आरोग्य अधिकाऱ्यापाशी राहावा, आणि तो कोणी पाहिला याची नोंद ठेवावी. नमुन्यात रुग्णाचा स्वतःचा डीएनएही येतोच. तो वाचनातून आधीच गाळून टाकावा, साठवू नये, आणि संशोधनाला द्यायचा झाल्यास रुग्णाला कळेल अशा मराठीत किंवा हिंदीत विचारून सही घ्यावी. मात्र बदनामीचं कारण पुढे करून सगळंच दडपून ठेवणं मला मान्य नाही. २०१२च्या सुरुवातीला हिंदुजा रुग्णालयाच्या डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी कोणत्याच औषधाला दाद न देणारे चार रुग्ण जगापुढे मांडले, तेव्हा त्या टीबीला काय नाव द्यावं यावरच जास्त वाद झाला. त्या वादाने रुग्णांचं काही भलं झालं नाही.

तेव्हा आपल्याला विचारते, आणि उत्तर जाहीरपणे यावं अशी अपेक्षा आहे. कस्तुरबाच्या यंत्रांवर गेल्या वर्षी टीबीचे किती नमुने वाचले गेले? नमुना घेतल्यापासून निकाल डॉक्टरांच्या हाती पडेपर्यंत किती दिवस लागले? किती रुग्णांची औषधं त्या निकालामुळे बदलली? टीबी रुग्णांच्या नोंदीच्या सरकारी निक्षय पोर्टलवर रुग्णाच्या नोंदीत हा निकाल दिसतो का, म्हणजे तो गावी गेला किंवा कल्याणला राहायला गेला तरी तिथल्या डॉक्टरांना मिळेल? खासगी डॉक्टरांकडे उपचार घेणाऱ्या रुग्णाचा नमुना महापालिकेकडून विनामूल्य वाचून मिळेल का? मुंबईतले कितीतरी रुग्ण पहिल्यांदा गल्लीतल्या डॉक्टरकडेच जातात, तेव्हा हे गाळून चालणार नाही.

रुग्णाला द्यायच्या कागदावर एक ओळ वाढवावी, अशीही विनंती आहे. जंतू आधीपासूनच प्रतिकार घेऊन आलेला दिसत असेल, तर तसं साध्या मराठीत लिहावं: ‘हा प्रतिकार औषध चुकवल्यामुळे झालेला दिसत नाही.’ डॉक्टरांची सही खाली. घरी दाखवायला कामी येतो असा कागद.

पुनर्वसन इमारतींना परवानगी देताना ऊन-वाऱ्याच्या निकषांवर आरोग्य खात्याचं मत घ्यावं, आणि त्या मतामागे हे वाचन असावं. ही मागणी आपल्या एकट्याच्या अखत्यारीतली नाही याची कल्पना आहे, म्हणून खाली प्रती जोडल्या आहेत.

आपण बोलावलंत तर कस्तुरबात येऊन नव्या मुला-मुलींना स्लोप कसा वाचायचा ते दाखवायला मी तयार आहे. मानधन नको.

कळावे,

आपली,
टीबीच्या बेंचवरची एक निवृत्त लॅब टेक्निशियन
परळ, मुंबई

प्रत माहितीसाठी व कार्यवाहीसाठी:
मा. मुख्य कार्यकारी अधिकारी, झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण
मा. महानगर आयुक्त, मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण